स्पार्क्स: लॉस एंजेलिसचा बँड, लंडन-पॅरिसचा लाडका – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पार्क्स म्हणजे नेमके कोण?

रॉन मेल आणि रसेल मेल हे दोन सख्खे भाऊ. रॉन थोरला, १९४५चा, रसेल १९४८चा. रॉन कीबोर्ड वाजवतो आणि बहुतेक गाणी लिहितो, रसेल गातो. बाकीचे वादक येत-जात राहिले, भाऊ मात्र तेच. पहिला अल्बम १९७१मध्ये आला आणि ‘मॅड!’ हा मे २०२५मध्ये. मधल्या काळात पंचवीसच्या वर अल्बम झाले. इतकं काम करूनही त्यांच्याच देशात रस्त्यावरच्या दहा माणसांना विचारलं, तर नऊ जण खांदे उडवतील. ब्रिटनमध्ये मात्र साठीतल्या कुणालाही ‘तो मिशीवाला’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

ते इंग्लिश आहेत ना?

नाहीत. ही गैरसमजूत पन्नास वर्षं जुनी आहे आणि तिला सबळ कारणं आहेत. दोघे भाऊ लॉस एंजेलिसमध्ये, समुद्राकाठच्या पॅसिफिक पॅलिसेड्स भागात वाढले. पुढे यूसीएलए या तिथल्याच विद्यापीठात शिकले. रसेल शाळेत अमेरिकन फुटबॉल खेळायचा. याहून अस्सल कॅलिफोर्नियाचा मुलगा कुठून आणायचा! पण कान मात्र पहिल्यापासून इंग्लंडकडे लागलेले. बीटल्स, द हू, द किंक्स हे त्यांचे आदर्श होते. शब्द चावून, टोकदार उच्चारून, उंच पट्टीत गायची रसेलची सवय त्यातूनच आली. पहिलं मोठं यश लंडनमध्ये मिळालं, तेव्हा सोबतचे वादकही इंग्लिशच होते. त्यामुळे टीव्हीवर बघणाऱ्याला वेगळी शंका यायचं कारणच नव्हतं.

सुरुवात अमेरिकेतच झाली का?

झाली, आणि माणसंही मोठी भेटली. तेव्हा बँडचं नाव होतं ‘हाफनेल्सन’. टॉड रंडग्रेन या अमेरिकन संगीतकारानं पहिला अल्बम प्रोड्यूस केला आणि बॉब डिलनचा मॅनेजर राहिलेल्या अल्बर्ट ग्रॉसमनच्या ‘बेअर्सव्हिल’ कंपनीनं तो काढला. खपला नाही. ग्रॉसमनला वाटलं, दोष नावात आहे. मार्क्स ब्रदर्स या जुन्या विनोदी नटांच्या चालीवर ‘स्पार्क्स ब्रदर्स’ ठेवा, असं त्यानं सुचवलं. भावांना ‘ब्रदर्स’ नको होतं, म्हणून नुसतं ‘स्पार्क्स’ उरलं. तोच अल्बम नवं नाव लावून १९७२मध्ये पुन्हा बाजारात आला. तरीही खपला नाही. दुसऱ्या अल्बमचीही तीच गत झाली.

मग लंडनला जायचं कसं ठरलं?

१९७२मध्ये ते ब्रिटनमध्ये वाजवून आले होते. बीबीसीच्या एका संगीत कार्यक्रमात दिसले, लंडनच्या क्लबांत थोडंफार नाव झालं. अमेरिकेत परतल्यावर लक्षात आलं की इथे आपली वाट कुणीच बघत नाहीये. १९७३मध्ये ‘आयलंड’ कंपनीनं बोलावणं केलं, पण ते फक्त दोन भावांना. अमेरिकन साथीदार मागे राहिले. लंडनमध्ये जाहिरात देऊन, चाचण्या घेऊन नवे वादक निवडले गेले: बेसवर मार्टिन गॉर्डन, गिटारवर एड्रियन फिशर, ड्रम्सवर डिंकी डायमंड. प्रोड्यूसर होता मफ विनवूड, म्हणजे गायक स्टीव्ह विनवूडचा भाऊ.

१९७४मध्ये असं काय घडलं?

‘धिस टाउन एन्ट बिग इनफ फॉर बोथ ऑफ अस’ हे गाणं घडलं. पियानोची घाईघाईची धून, अचानक बंदुकीचा आवाज, आणि त्यावर रसेलचा आवाज असा चढतो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला बाई गातेय की पुरुष हेच कळत नाही. रॉननं ते ज्या पट्टीत लिहिलं होतं, तिथून खाली आणायला तो तयार होईना. गायकाची सोय बघून पट्टी ठरवावी, हा साधा संकेत त्यानं बाजूला ठेवला. गाण्याचा निम्मा थरार त्या हट्टातून आलाय, असं मला वाटतं. रसेल प्रत्येक ओळीत कडेलोटाच्या टोकावर उभा असतो.

मे १९७४मध्ये ते बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर आले. कुरळ्या केसांचा देखणा, उड्या मारणारा गायक, आणि शेजारी कीबोर्डमागे चापूनचोपून भांग पाडलेला, टाय लावलेला, आखूड मिशीचा एक माणूस, जो वाजवतच नाहीये असं वाटावं इतका स्तब्ध. मधूनच तो कॅमेऱ्याकडे डोळे वटारून बघतो. दुसऱ्या दिवशी शाळाशाळांत दुसरा विषय नव्हता.

गाणं ब्रिटनच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पहिला क्रमांक अडवून बसला होता ‘रुबेट्स’ हा इंग्लिश बँड. त्यामागच्या अल्बमनं, ‘कीमोनो माय हाउस’नं, चौथा क्रमांक गाठला. त्याच्या मुखपृष्ठावर किमोनोतल्या दोन स्त्रिया आहेत. बँडचं नाव नाही, भावांचे फोटोही नाहीत. त्याच वर्षी ‘प्रोपगंडा’ आला, तोही पहिल्या दहात. किशोरवयीन मुली कार्यक्रमात किंचाळत, रंगमंचावर चढत, रसेलला ओढत. जेमतेम वर्षभरापूर्वी या माणसांना कॅलिफोर्नियात कुणी हुंगत नव्हतं.

फ्रेडी मर्क्युरीशी त्यांचा काय संबंध?

१९७२च्या अखेरीस लंडनच्या मार्की क्लबमध्ये स्पार्क्सचे कार्यक्रम झाले, तेव्हा त्यांच्या आधी वाजवायला एक नवखा बँड होता. नाव क्वीन. म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारूख बलसारा, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी, स्पार्क्सच्या आधी गाऊन गेला. दोन वर्षांत दोन्ही बँड ब्रिटनच्या यादीत झळकले. पुढे मेल भावांनी क्वीनच्या ब्रायन मेला आपल्याकडे गिटार वाजवायला येतोस का, असंही विचारलं होतं. तो गेला नाही, आणि त्याचं काही बिघडलं नाही!

ती मिशी हिटलरची की चॅप्लिनची?

भाऊ म्हणतात चॅप्लिनची. बघणाऱ्यांना दुसराच कुणीतरी आठवला, त्याला इलाज नव्हता. स्पार्क्सला टीव्हीवर बघून जॉन लेनननं रिंगोला फोन केला आणि हिटलर गाण्याच्या कार्यक्रमात आल्याचं सांगितलं, ही कथा चाहते आजही रंगवून सांगतात. खरी-खोटी कशी ठरवणार? १९८०मध्ये पॉल मॅकार्टनीनं एका व्हिडिओत अनेक संगीतकारांची सोंगं घेतली, त्यात एक रॉनचं होतं. याला मात्र चित्रफितीचाच पुरावा आहे. रॉननं पुढे मिशी बारीक, पेन्सिलीनं काढल्यासारखी केली.

अमेरिकेत ते का चालले नाहीत?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. ‘अमेरिकनांना तिरकस विनोद कळत नाही’ हे चाहत्यांचं ठरलेलं उत्तर मला आळशीपणाचं वाटतं. तिरकस गाणी लिहिणारे कितीतरी जण अमेरिकेत चालले. खरी गोष्ट दोन देशांतल्या गाण्याच्या बाजाराच्या रचनेत आहे.

१९७४चं ब्रिटन घ्या. टीव्हीच्या वाहिन्या तीन. गाण्यांचा एक कार्यक्रम, गुरुवारी संध्याकाळी, सगळं घर एकत्र बसून बघणार. राष्ट्रीय पॉप रेडिओ एकच, बीबीसी रेडिओ वन; खासगी रेडिओ १९७३च्या शेवटाला नुकता कुठे सुरू झालेला. आणि गाण्यांची यादी निव्वळ दुकानांतल्या विक्रीवर बनायची. म्हणजे तीन मिनिटांत देशाच्या डोळ्यांत भरलात, मुलांनी शनिवारी दुकानात जाऊन रेकॉर्ड उचलली, की पुढच्या आठवड्यात तुम्ही यादीत. विक्षिप्त दिसणं इथे भांडवल होतं.

अमेरिकेत हजारो रेडिओ केंद्रं, आणि प्रत्येकाचा साचा ठरलेला. एएमवर गोड, सगळ्यांना चालतील अशी गाणी. एफएमवर लांबलचक गिटारवालं रॉक. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन साप्ताहिकाच्या यादीत विक्रीबरोबर रेडिओवर गाणं किती वाजलं हेही धरायचे. शहराशहरांतल्या कार्यक्रम-प्रमुखांनी गाणं लावायला नको म्हटलं, तर दुकानात ते पोचणारच नाही. स्पार्क्सची गाणी एएमसाठी फार चमत्कारिक आणि एफएमसाठी फार चटपटीत. बरं, रॉनची ती नजर रेडिओवर दिसणार कशी? ‘कीमोनो माय हाउस’ अमेरिकेत १०१व्या क्रमांकावर अडकला, पहिल्या शंभराच्या उंबरठ्यावर. ‘प्रोपगंडा’ ६३पर्यंत सरकला. म्हणजे ऐकणारे होते, पण खंडाएवढ्या देशात विखुरलेले.

भावांनी जमवून घ्यायचा प्रयत्न केलाच नाही असंही नाही. १९७६मध्ये ते इंग्लिश वादकांना निरोप देऊन घरी परतले आणि ‘बिग बीट’ हा गिटारप्रधान, अमेरिकन बाजाचा अल्बम केला. पुढच्या वर्षी आणखी एक. अमेरिकेनं दोन्हींकडे ढुंकून पाहिलं नाही आणि ब्रिटननंही पाठ फिरवली. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ती गत झाली.

मग बँड संपला कसा नाही?

जॉर्जिओ मोरोडरमुळे. डिस्को गायिका डोना समरच्या गाण्यांमागचा हा इटालियन संगीतकार तेव्हा म्युनिकमधून काम करायचा. मोरोडरबरोबर काम करायची इच्छा आहे, अशी थाप-वजा बढाई भावांनी एका जर्मन पत्रकारापुढे मारली, आणि नेमकी ती पत्रकार त्याला ओळखणारी निघाली. भेट ठरली. गिटार बाद झाली. सिंथेसायझर, यंत्रासारखा चालणारा ताल, आणि त्यावर रसेलचा आवाज. १९७९च्या ‘नंबर वन इन हेवन’मध्ये गाणी अवघी सहा आहेत. त्यातलं ‘बीट द क्लॉक’ ब्रिटनमध्ये दहाव्या क्रमांकावर गेलं, शीर्षकाशी जुळणारं दुसरं गाणं चौदाव्या.

आज ऐकताना त्यात नवल वाटणार नाही, कारण पुढच्या दहा वर्षांचं ब्रिटिश पॉप साधारण तसंच वाजलं. एक गायक पुढे, एक गंभीर माणूस यंत्रांमागे, बास. पेट शॉप बॉइज, सॉफ्ट सेल, इरेझर यांची मांडणी बघा. त्या सगळ्यांना त्यात यश मिळालं, पैसाही मिळाला. स्पार्क्स तोवर पुन्हा गिटारकडे वळले होते. ही त्यांची जुनी खोड: पीक आलं की शेत बदलायचं.

फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी – हे देश कुठून आले?

एक देश थंडावला की दुसरा उघडायचा, असंच त्यांचं नशीब. १९८०च्या ‘टर्मिनल जाइव्ह’ अल्बमला ब्रिटननं विचारलं नाही, पण त्यातलं ‘व्हेन आयम विथ यू’ फ्रान्समध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. भाऊ तिथल्या टीव्हीवर सतत दिसू लागले. मग ब्रसेल्समध्ये बसून रेकॉर्डिंग, बेल्जियमच्या ‘टेलेक्स’ या इलेक्ट्रॉनिक बँडशी दोस्ती, गायिका लिओसाठी इंग्रजी शब्द लिहिणं, १९८८मध्ये ‘ले रिता मित्सुको’ या फ्रेंच जोडीबरोबर गाणं.

जर्मनीची पाळी १९९४मध्ये आली. सहा वर्षं एकही अल्बम न काढता गेली होती. लोक त्यांना संपल्यात जमा धरून बसले होते, तेवढ्यात ‘व्हेन डू आय गेट टू सिंग माय वे’ जर्मनीत पहिल्या दहात पोचलं. आपल्याला तो मानाचा टप्पा कधी मिळणार, असं विचारणारा थकलेला माणूस त्यात गातो. खाली नाचाचा ताल. रॉननं लिहिलेलं सर्वांत उघडं, मनातलं गाणं हेच असावं.

अमेरिकेत कधीच काही नाही?

अगदीच नाही असं नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या ‘केरॉक’ रेडिओनं त्यांना उचलून धरलं आणि त्या शहरापुरते ते स्टार झाले. १९८२मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या टीव्ही कार्यक्रमात वाजवलं. १९८३मध्ये ‘गो-गोज’ बँडच्या जेन विडलिनबरोबरचं ‘कूल प्लेसेस’ बिलबोर्डच्या यादीत ४९व्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेतली त्यांची सर्वांत मोठी उडी हीच. गंमत अशी की तेव्हा ब्रिटनमध्ये त्यांना कुणी विचारत नव्हतं.

१९८८ ते १९९४ या अल्बमविना सहा वर्षांत ते काय करत होते?

एका जपानी ‘मांगा’वर, म्हणजे चित्रकथेवर, संगीतिका-चित्रपट करायचं चाललं होतं. दिग्दर्शक म्हणून टिम बर्टनचं नाव होतं. भावांनी अख्खं संगीत तयार केलं आणि चित्रपट झालाच नाही. त्यांच्या बाबतीत हे दुसऱ्यांदा घडलं. सत्तरच्या दशकात थोर फ्रेंच दिग्दर्शक जाक तातीनं त्यांना आपल्या चित्रपटात घ्यायचं ठरवलं होतं. तातीची तब्येत आणि पैसा दोन्ही खालावले आणि तेही बारगळलं. रॉन आणि जाक ताती एका पडद्यावर! या एका न झालेल्या चित्रपटाची हळहळ मला त्यांच्या सगळ्या पडलेल्या अल्बमांपेक्षा जास्त वाटते.

एकवीस रात्री, एकवीस अल्बम – ही भानगड काय?

२००८मध्ये लंडनला त्यांनी आपले सगळे अल्बम, रोज एक, पहिल्यापासून शेवटापर्यंत जसेच्या तसे वाजवले. वीस रात्री इस्लिंग्टनच्या एका सभागृहात आणि एकविसावी, नव्या अल्बमची, शेफर्ड्स बुशमध्ये. अडीचशेच्या वर गाणी बसवावी लागली. त्यातली कित्येक त्यांनी रेकॉर्डिंगनंतर कधी वाजवलीच नव्हती. हे सगळं लंडनमध्ये, लॉस एंजेलिसमध्ये नव्हे, हे लक्षात घ्या. रोज येणारा प्रेक्षक कुठे आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

या आत्मविश्वासामागे २००२चा ‘लिल बीथोव्हन’ आहे. ढोल-ताशे जवळजवळ बंद, तंतुवाद्यांचे थर, आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणारे कोरस. पन्नाशी उलटल्यावर असं काहीतरी करायला धारिष्ट्य लागतं.

चित्रपटाचं स्वप्न शेवटी पुरं झालं का?

झालं, आणि पुन्हा फ्रान्सनंच केलं. लिओस कारॅक्सनं आपल्या एका चित्रपटात त्यांचं जुनं गाणं वापरलं होतं; ओळख झाल्यावर भावांनी त्याच्याकडे ‘अ‍ॅनेट’ची कथा आणि संगीत सोपवलं. जुलै २०२१मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवाची सुरुवात याच चित्रपटानं झाली. कारॅक्सला उत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी संगीतासाठी मेल भावांना सेझार हा फ्रेंच चित्रपट पुरस्कार. २०२१मध्येच एडगर राइट या इंग्लिश दिग्दर्शकानं त्यांच्यावर माहितीपटही काढला. अमेरिकेतल्या अनेकांना या माहितीपटामुळे पहिल्यांदा कळलं की हा बँड आपला आहे.

आता त्यांची स्थिती काय?

आश्चर्यकारक. २०१७, २०२० आणि २०२३ या तिन्ही वर्षी आलेले अल्बम ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकावर गेले. ‘मॅड!’ थेट दुसऱ्यावर. अल्बमांच्या यादीत इतक्या वर ते १९७४मध्येही गेले नव्हते. तेव्हा रॉन ऐंशीला टेकलेला. २०२३मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवात अभिनेत्री केट ब्लँचेट पिवळा सूट घालून त्यांच्या गाण्यावर नाचून गेली. त्याच उन्हाळ्यात त्यांनी लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये कार्यक्रम केला. तरुण वयात बीटल्सला बघायला ते याच ठिकाणी गेले होते. गावानं उशिरा का होईना, बोलावलं.

भारताशी काही धागा?

आहे, आणि अगदी ताजा. सप्टेंबर २०२५मध्ये डेमन अल्बार्नच्या ‘गोरिलाझ’ या ब्रिटिश बँडनं स्पार्क्सना घेऊन ‘द हॅपी डिक्टेटर’ हे गाणं काढलं. ते ज्या अल्बममधलं, त्याचं नाव ‘द माउंटन’ आणि मुखपृष्ठावर चक्क देवनागरीत ‘पर्वत’. त्यातल्या सहकलाकारांत अनुष्का शंकर आहेत आणि सांगलीच्या आशाताई भोसलेही. रॉन-रसेल आणि आशाताई एका अल्बमवर येतील, असं कुणी पाच वर्षांपूर्वी सांगितलं असतं, तर मी त्याला पाणी प्यायला दिलं असतं.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

आधी ‘टॉप ऑफ द पॉप्स’ची जुनी चित्रफीत बघा, नुसतं ऐकून रॉन कळत नाही. मग ‘कीमोनो माय हाउस’ पूर्ण. नाचायचं असेल तर ‘नंबर वन इन हेवन’, एकट्यानं हेडफोन लावून बसायचं असेल तर ‘लिल बीथोव्हन’. २०१५मध्ये त्यांनी स्कॉटलंडच्या ‘फ्रांझ फर्डिनांड’बरोबर एक अल्बम केला, त्यात एकत्र काम करणं कसं जमत नाही यावर दोघांनी मिळून गाणं म्हटलंय, तेही सोडू नका. १९७६-७७चे दोन अल्बम मात्र सगळं आवडून झाल्याशिवाय उघडू नका. रसेलचा आवाज पहिल्या दोन मिनिटांत कानाला बोचला, तर तिसऱ्या गाण्यापर्यंत थांबा. तरीही बोचत असेल, तर खुशाल बंद करा.